गोंदवलेलं कार्ड

रुंदी अडीच इंच, उंची साडेतीन. पत्त्यांच्या कॅटातलं पान असतं तेवढंच. वजन म्हणाल तर हातात घेतलं तरी काही घेतलंय असं वाटत नाही. चारही बाजूंनी लाकडाच्या रेषा छापलेली तपकिरी चौकट; पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला आमच्या सांगलीच्या घरातला फळीवरचा रेडिओच आठवला. वरच्या डाव्या कोपऱ्यात गोलात संघाचं चिन्ह, खाली उजवीकडे रंगीत पट्टीवर खेळाडूचं नाव. मधल्या फोटोत दांडग्या अंगाचा, मिशी राखलेला बेसबॉलचा एक कॅचर उन्हाकडे डोळे बारीक करून बघतोय. आणि त्याच्या पोटापासून खांद्यापर्यंत तिरकी चढत गेलेली निळ्या शाईची एक ओळ.

ओळ छापखान्यातली नाही. चौकट, चिन्ह, फोटो, मिशी हे सगळं या कार्डाच्या असंख्य जुळ्या भावंडांकडेही आहे. ओळ मात्र या एकट्याकडे.

याचा जन्म १९८७चा. कंपनी टॉप्स, न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात १९३८ साली निघालेली, मूळ धंदा च्युइंगमचा. त्या वर्षी टॉप्सच्या मुख्य संचात ७९२ कार्डं होती. आकडा विचित्र वाटतो, पण तो छापखान्याचा हिशेब आहे. एका मोठ्या तावावर १३२ कार्डं बसतात, असे सहा ताव. ते कापायचे, पाकिटाएवढी चळत करायची, तिला गुलाबी च्युइंगमची एक पट्टी लावायची आणि सगळं मेणकागदात गुंडाळायचं. पट्टीवर पिठीसाखर भुरभुरलेली असे आणि ती पट्टी शेजारच्या कार्डाला आपला तेलकट डाग देऊन जाई. आमच्या कार्डाच्या पाठीवर असा एक डाग आहे, लग्नपत्रिकेला हळदीचं बोट लागावं तसा. पुढे कार्डांना भाव आला, डागाळलेली कार्डं कुणाला नकोशी झाली, आणि १९९२ पासून टॉप्सने आपल्या पाकिटांतून च्युइंगम काढूनच टाकलं. दुकान ज्या मालासाठी उघडलं तो माल गेला, त्यावर फुकट मिळणारी वस्तू राहिली.

आमच्याकडेही ‘बिग फन’ च्युइंगमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं मिळायची. त्यांच्या पाठीवरच्या धावा जमवण्यात आमच्या गल्लीतल्या पोरांनी किती पैसे आणि किती दात घालवले याची मोजदाद नाही. पण ती चित्रं आम्ही रबर लावून खिशात कोंबायचो, पावसात भिजवायचो, आणि मोठं झाल्यावर विसरलो. अमेरिकन मुलंही आधी तेच करायची. सायकलच्या चाकाच्या तारांमध्ये कार्ड अडकवायचं, म्हणजे फिरताना फटफटीसारखा आवाज येतो. आज ज्या कार्डांना सोन्याचा भाव आहे त्यांतली कित्येक अशी फटफट करत संपली.

संग्राहकांच्या बोलीत आमचं कार्ड ‘कॉमन’. म्हणजे ज्यावरच्या खेळाडूचं नाव ऐकून कुणाची भुवई हलत नाही असं. पाठ उलटली की त्याची कुंडली दिसते: वर्ष, संघ, किती सामने, किती हिट. आमचा कॅचर राखीव गडी. पहिल्या पसंतीचा कॅचर थकला किंवा दुखावला की याला पॅड बांधायला सांगायचे. वर्षाकाठी दोन-तीन होम रन, एका वर्षी तर शून्य. ते शून्यही कंपनीने इमानेइतबारे छापलंय. त्यात १९८०च्या दशकाच्या अखेरीस लोकांनी कार्डं म्हणजे मुदतठेव समजून खोकीच्या खोकी घरात भरली, आणि मागणी बघून कंपन्यांनी छापायला काही हातचं राखलं नाही. त्या काळाला आता ‘जंक वॅक्स’ म्हणतात. जंक म्हणजे भंगार, वॅक्स म्हणजे तो मेणकागद. या भंगारात आमच्या कार्डाचा नंबर कितवा लागेल ते मी सांगत बसत नाही.

ते आमच्याकडे आलं बुटाच्या खोक्यातून. २००९ साली न्यू जर्सीत आमच्या मागच्या गल्लीत एका घरी गॅरेज सेल होता. मी गेलो होतो शिडी बघायला. मुलगी अकरा वर्षांची, शाळेत सॉफ्टबॉल खेळायची. शिडी मिळाली नाही, पाच डॉलरला खोकं मिळालं. आत चारेकशे कार्डं आणि एक वाळलेला किडा. घरी आल्यावर हिने किडा पाहिला आणि खोक्याची जागा तळघरात ठरली.

पुस्तकांतून आणि शाळेतल्या मैत्रिणींकडून मुलीने शोधून काढलं की या छंदाला एक टपालमार्ग आहे. हौशी लोक त्याला ‘टीटीएम’ म्हणतात: खेळाडूला पत्र लिहायचं, सोबत कार्ड ठेवायचं, आणि स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं परतीचं पाकीट घालायचं. सही होऊन आलं तर त्याला म्हणायचं ‘सक्सेस’. हे ऐकून मी हसलो, कारण ही रीत मला सांगलीतच पाठ होती. मासिकाला कविता पाठवताना आपण दुसरं काय करत होतो? नापसंत साहित्य परत हवं असल्यास पुरेशी तिकिटं लावलेलं पाकीट जोडावं. माझ्या तरुणपणीच्या कविता त्या पाकिटांतून इतक्या नेमाने ‘साभार परत’ आल्या की आमच्या पोस्टमनला त्यांची छंदोरचना ठाऊक झाली असावी. परतीच्या पाकिटातून काही चांगलंही येतं ही कल्पनाच मला नवी होती.

निवृत्त खेळाडूंच्या पत्त्यांचं चक्क पुस्तक मिळायचं. जे खेळताहेत त्यांना संघाच्या मैदानावर लिहायचं, तेही शक्यतो फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा संघ फ्लोरिडात नाहीतर ॲरिझोनात सरावाला गेलेले असतात आणि खेळाडूंना जरा उसंत असते. मुलीने मोठ्या नावांच्या वाटेला न जाता आमच्या राखीव कॅचरला निवडलं. का, असं विचारलं तर म्हणाली, “बाबा, त्याला कुणी लिहीत नसेल ना.” पत्र तिने हाताने लिहिलं. मीही कॅचर आहे, गुडघे दुखतात, तुम्ही काय करायचात, असा एकूण मजकूर. चव्वेचाळीस सेंटची दोन तिकिटं लागली. एक बाहेरच्या पाकिटाला, एक आतल्या. कार्डाला आधी पातळ प्लॅस्टिकची पिशवी, तिला ‘पेनी स्लीव्ह’ म्हणतात, मग दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये. पुठ्ठे कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचे.

आणि ते गेलं.

छापील वस्तू एकदा छापखान्यातून निघाली की सहसा परत वळत नाही. पुस्तकं, पंचांगं, लग्नपत्रिका, सगळी पुढेच जातात. हे कार्ड मात्र ज्याचं चित्र अंगावर घेऊन बावीस वर्षं हिंडलं, त्याच्याच दारात जाऊन उभं राहिलं. त्या घरात काय घडलं असेल याचं चित्र मी अनेकदा रंगवलंय. बायकोने टपाल टेबलावर ठेवलं असेल. चष्मा शोधला गेला असेल. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, मिशीवाला, गुडघे शाबूत असलेला आपण समोर बघून त्या माणसाला बरं वाटलं असेल की वाईट, सांगता येत नाही. पाकीट कधीतरी बिलांच्या गठ्ठ्याखाली गेलं असावं, कारण उत्तराला सात महिने लागले.

मध्यंतरी मुलीने आणखी वीसेक पत्रं पाठवली. काही कार्डं सही होऊन आली, काही नुसतीच आली, एकाने धर्मादाय संस्थेला दहा डॉलर द्या म्हणून छापील चिठ्ठी जोडली. काही पाकिटांवर पोस्टाची पिवळी पट्टी चिकटून आली: पत्ता बदलला, पाठवणाऱ्याला परत. एक कार्ड सहीविना आलं, सोबत खेळाडूच्या पत्नीचं चार ओळींचं पत्र. ते गेल्या हिवाळ्यात वारले, तुझं पत्र त्यांना आवडलं असतं. मुलीने ते पत्र कार्डांच्या फायलीत पहिल्या पानावर लावलं. त्या फायलीतली सगळ्यात वाचनीय सही ती आहे, आणि बाजारात तिला किंमत नाही.

मग एका मंगळवारी आमचं पाकीट आलं. माझ्याच मुलीच्या अक्षरात आमचाच पत्ता. त्या पाकिटाकडे बघताना जे वाटतं ते फक्त साभार-परतवाल्यांना कळेल.

आता ती ओळ जरा जवळून बघा. शार्पी नावाच्या पक्क्या शाईच्या पेनने केलेली आहे. या छंदात निळी शार्पी म्हणजे देवपूजेला तांब्या. सुरुवातीच्या अक्षराशी शाईचा टिपका जाड आहे: पेन टेकवून माणूस क्षणभर थांबला, जागा कुठे आहे ते बघितलं. फोटोतली छाती फिकट कपड्याची, तिथे शाई उठून दिसेल हे त्याला माहीत असणार. मग हात सुटला. आडनावात दोन सारखी अक्षरं शेजारी आहेत, ती एकाच हिसक्यात काढली आहेत. शेवटच्या अक्षराची शेपटी खांद्यावरून लाकडी चौकटीवर गेलीय आणि तिथे जरा पुसट झालीय, कारण शाई वाळायच्या आत कुणाचं तरी बोट लागलं. त्याचं की पोस्टमनचं की माझं, हा आमच्या घरातला जुना वाद आहे. भिंगाखाली फोटोचे छपाईचे बारीक ठिपके दिसतात, लाल, पिवळे, निळे, काळे, रांगोळीच्या कागदासारखे. शाई त्या ठिपक्यांच्या वरून गेलीय, ठिपक्यांना न जुमानता. दिव्याखाली कार्ड तिरकं धरलं की तेवढी ओळ चमकते, बाकी सगळं मठ्ठ राहतं.

हे तिरकं धरायचं शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. मुलीच्या वाढदिवसाला काहीतरी जबरदस्त द्यावं म्हणून मी एका जुन्या बाजारातून १९७५चं टॉप्स कार्ड आणलं होतं, दोन भडक रंगांच्या चौकटीचं, वर खेळाडूची ऐटबाज काळी सही. वीस डॉलर मोजले. मुलीने कार्ड हातात घेतलं, एक शब्द बोलली नाही, तळघरात गेली आणि बुटाच्या खोक्यातून त्याच खेळाडूचं तेच कार्ड घेऊन आली. दोन्ही शेजारी ठेवली. त्याच जागी, त्याच वळणाची, तीच सही. त्या वर्षी टॉप्सने खेळाडूंच्या कार्डांवर सह्या छापल्याच होत्या. विकणाऱ्याने मला फसवलं असं मी म्हणणार नाही. ‘ही सही आहे ना?’ असं मी विचारलं आणि तो ‘आहे’ म्हणाला. आहेच की.

छापील सहीची ही हौस टॉप्सच्या पहिल्या मोठ्या संचापासूनची. १९५२ सालचा तो ४०७ कार्डांचा संच कंपनीच्या साय बर्गर नावाच्या माणसाने ब्रुकलिनमधल्या आपल्या स्वयंपाकघराच्या टेबलावर आखला. तेव्हाची कार्डं आजच्यापेक्षा थोडी मोठी होती. आजचं माप ठरलं १९५७मध्ये. संचातलं ३११ नंबरचं कार्ड मिकी मँटल या नामांकित खेळाडूचं, खाली पट्टीत त्याची छापील सही. संचाचा शेवटचा भाग बाजारात आला तोवर मोसम सरत आलेला, पोरांचं लक्ष फुटबॉलकडे गेलेलं. माल पडून राहिला. जत्रांना कवडीमोलाने देऊनही संपेना. अखेर १९६० साली गोदाम रिकामं करायला बर्गरने उरलेली खोकी कचऱ्याच्या पडावावर चढवली आणि न्यू जर्सीच्या किनाऱ्यापासून आत नेऊन अटलांटिकमध्ये त्यांचं विसर्जन केलं. त्याच ३११ नंबरचं एक जपून राहिलेलं कार्ड ऑगस्ट २०२२मध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. मी त्या किनाऱ्यावर दर उन्हाळ्यात जातो. वाळूत बसून भेळ खाताना समुद्राकडे बघण्याची माझी नजर आता पूर्वीसारखी निष्पाप राहिलेली नाही.

पण एक लक्षात घ्या, त्या कोट्यधीश कार्डावर मँटलच्या हाताची शाई नाही. कोऱ्या कार्डांचा एक वेगळाच सोवळा पंथ आहे. चारही कोपरे सुईसारखे, कडा पांढऱ्याशुभ्र, चित्र बरोबर मधोमध. कार्ड तपासणाऱ्या कंपन्या दहापैकी गुण देतात आणि कुठे पेनाची रेघ दिसली तर गुणांपुढे ‘एमके’ असा शेरा मारतात, म्हणजे डागी. पूर्वीचे कर्मठ संग्राहक तर सही केलेलं कार्डही बाटलेलंच धरायचे. पोराने बॉलपेनने स्वतःचं नाव लिहिलं तर कार्ड वाया गेलं. ज्याचा चेहरा आहे त्याने लिहिलं तर वाया गेलं की सार्थकी लागलं, यावर दोन तट होते. दुसरा तट जिंकलाय. शाई तीच, पुठ्ठा तोच. हात कुणाचा, एवढाच प्रश्न. मला आजीच्या कपाळावरचं आणि हातावरचं गोंदण आठवतं. कातडीला सुया टोचून केलेली इजाच ती, पण मेल्यावर बरोबर येणारा दागिना तेवढाच, असं ती म्हणायची. आमचं कार्ड गोंदवलेलं आहे.

हात कुणाचा, हे ओळखायला आमच्या घरी तज्ज्ञ होता. माझे वडील सांगलीत चौतीस वर्षं बँकेत होते. संगणक येण्याआधी चेकवरची सही आणि खातेदाराचं स्पेसिमेन कार्ड समोरासमोर धरून पास करणं किंवा परत पाठवणं हे त्यांचं रोजचं काम. २०१०च्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले तेव्हा नातीने मोठ्या विश्वासाने कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. बेसबॉल म्हणजे काय ते त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण चष्मा पुसून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “नमुना कुठाय?”

नमुना नव्हता. नमुन्याशिवाय सही पास होत नाही, असं म्हणून आजोबांनी कार्ड परत केलं. मुलीने दोन दिवस खपून त्याच खेळाडूच्या तीन सह्यांच्या प्रती मिळवल्या. मग दुपारी चहानंतर बैठक झाली. आजोबांनी आधी कार्ड उलटं धरलं, म्हणजे अक्षरं वाचली जात नाहीत, नुसत्या रेघा दिसतात. खोटी सही करणारा लिहीत नाही, चित्र काढतो, असं त्यांनी नातीला सांगितलं. त्यामुळे हात सावकाश जातो, वळणावर थरथरतो, नको तिथे उचलला जातो. खऱ्या सह्या एकमेकींशी हुबेहूब कधीच जुळत नाहीत, पण त्यांचा वेग जुळतो. एकदम हुबेहूब जुळली तर ती मी आधी बाजूला काढायचो, म्हणाले. पंधरा मिनिटांनी त्यांनी भिंग खाली ठेवलं. “जुळते. पास.” मग माझ्याकडे वळून, “सातवीत तुझ्या प्रगतिपुस्तकावर माझी सही होती ना, ती नव्हती जुळत.” इतकी वर्षं मी समजत होतो की ते त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

प्रगतिपुस्तकावर बापाची सही ठोकणारी पोरं सगळ्या देशांत असतात. अमेरिकेत त्यांतल्या काहींनी मोठेपणी धंदा काढला. १९९०च्या दशकात एफबीआयने सॅन डिएगोच्या बाजूला ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोहीम उघडली, तेव्हा खोट्या सह्यांची टोळीच हाती लागली. त्यांच्या मालात मदर तेरेसांनी सही केलेला बेसबॉलसुद्धा होता! मदर कोणत्या जागी खेळायच्या हे मात्र त्यांनी चेंडूवर लिहिलं नव्हतं. त्याच शहरातल्या पाद्रेज संघाचा नामवंत फलंदाज टोनी ग्विन याला आपल्याच संघाच्या दुकानात आपल्या खोट्या सह्या विकायला ठेवलेल्या दिसल्या. पुढे २००१पासून मेजर लीगने स्वतःच साक्षीदार नेमून सहीच्या वस्तूंवर नंबर असलेला होलोग्राम लावायला सुरुवात केली.

सगळ्या खोट्या सह्या पैशासाठीच झाल्या असं नाही. टपालाचे ढीग उपसायला कंटाळलेल्या नामवंतांच्या वतीने ड्रेसिंग रूममधला पोऱ्या सही करायचा. त्याला ‘क्लबहाउस सही’ म्हणतात. कुणी रबरी शिक्का करून घेतला. आणि जो जॅक्सनची गोष्ट तर वेगळीच. ‘शूलेस जो’ म्हणून ओळखला जाणारा हा असामान्य फलंदाज १९१९च्या मॅच-फिक्सिंग प्रकरणात कायमचा हाकलला गेला. लिहिता-वाचता त्याला जवळजवळ येत नव्हतं. नाव लिहायचं म्हणजे चित्र काढल्यासारखं ओढायचं, म्हणून बहुतेक ठिकाणी त्याची बायको केटी त्याच्या नावाने सही करी. आजोबांच्या कसोटीची इथे पंचाईत: याची खरी सहीच थरथरती, चित्रासारखी. अशी त्याची सही असलेला १९११चा एक फोटो २०२१मध्ये चौदा लाख डॉलरच्या वर विकला गेला.

माणूस गेला की सहीचा भाव चढतो, हे या बाजाराचं एक ओंगळ सत्य आहे. मेल्या म्हशीला मणभर दूध. अपवाद बॉब फेलरसारख्यांचा. क्लीव्हलंडचा हा तोफखाना २०१०मध्ये ब्याण्णवाव्या वर्षी वारला, तोवर मागेल त्याला सही देत राहिला. इतका की फेलरची सही नसलेला चेंडूच दुर्मीळ, असा विनोद झाला. त्याची सही स्वस्त आहे. मला हा त्याचा मोठेपणा वाटतो.

पण माझा खरा आवडता मिनेसोटा ट्विन्सचा हार्मन किलब्रू. ५७३ होम रन, १९८४मध्ये हॉल ऑफ फेम, आणि सही अशी की पहिलीतल्या पोराने वाचावी. संघातला तरुण टोरी हंटर वळसा आणि रेघ मारून मोकळा व्हायचा, तेव्हा किलब्रूने त्याला बाजूला घेतलं. ही वाचताच येत नसेल तर उद्या ती सापडणाऱ्या पोराला तू कोण ते कसं कळणार, असं त्याचं म्हणणं. हंटरने अक्षर सुधारलं आणि ही हकिगत स्वतःच पुढे सांगत राहिला. ट्विन्सच्या अनेक खेळाडूंच्या सह्या वाचता येतात, त्यामागे हा म्हातारा आहे. एरवी आजच्या बहुतेक सह्या म्हणजे औषधाची चिठ्ठी: एक गाठ, एक शेपूट, पुढे जर्सीचा नंबर. नंबर आहे म्हणून माणूस कळतो. हजारो सह्या करून हात मोडतो हे मान्य, तरी सही म्हणजे नाव असावं एवढं आमच्या बँकवाल्या घराण्याचं मत आहे.

हजारो का, तर आता सह्या कंपन्याच विकतात. १९९०मध्ये अपर डेक नावाच्या कार्ड-कंपनीने रेगी जॅक्सन या खेळाडूकडून २,५०० कार्डांवर सह्या घेतल्या, नंबर घातले आणि ती पाकिटांत मिसळून दिली. तिथून लॉटरी सुरू झाली. पुढे पुठ्ठे नेण्या-आणण्याचा त्रास नको म्हणून पारदर्शक स्टिकरच्या तावांवर सह्या घ्यायची पद्धत आली. खेळाडू टेबलाशी बसून चिकटपट्ट्यांवर नाव ओढतो, कारखान्यात ती कार्डावर डकवतात. म्हणजे त्या कार्डाची आणि त्या माणसाची भेटच झालेली नसते. सही वेळेवर आली नाही तर पाकिटात हुंडी निघते: हा नंबर कळवा, सही मागाहून पाठवू. थेट पुठ्ठ्यावर केलेल्या सहीला आता ‘ऑन-कार्ड’ असं वेगळं नाव द्यावं लागतं आणि त्याचे वेगळे पैसे पडतात.

लॉटरी लागते कधीकधी. पिट्सबर्ग पायरेट्सचा पिचर पॉल स्कीन्स याच्या पहिल्या सामन्यातल्या जर्सीवरचं चिन्ह बसवलेलं, त्याने सही केलेलं, जगात एकच असलेलं कार्ड २०२४च्या नाताळात लॉस एंजेलिसच्या एका अकरा वर्षांच्या मुलाच्या पाकिटात निघालं. संघाने त्या कार्डाच्या बदल्यात तीस वर्षांची सीझन तिकिटं देऊ केली होती. घरच्यांनी लिलाव निवडला आणि मार्च २०२५मध्ये ते अकरा लाख दहा हजार डॉलरच्या आसपास गेलं. मी ही बातमी मुलीला फोनवर सांगितली. ती आता शिकागोत नोकरी करते. क्षणभर थांबून म्हणाली, “बाबा, आपल्या कॅचरला ठेवलंय कुठे?”

इथे मला एक कबुली द्यावी लागली. ती कॉलेजला गेल्यावर मी कार्ड छानशा चौकटीत घालून दिवाणखान्यात लावलं होतं. खिडकीशेजारी. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं म्हणून. शार्पीची शाई पाण्याला दाद देत नाही, पण उन्हापुढे टिकत नाही, हे या छंदातलं शेंबडं पोरही जाणतं. मला कळलं तेव्हा चार उन्हाळे उलटले होते. निळी ओळ जांभळट झालीय, खांद्याजवळची दोन अक्षरं फिकी पडलीत. छापील मिशी आहे तशी काळीभोर. सुरुवातीचा जाड टिपका तेवढा शाबूत आहे, जिथे पेन टेकवून तो माणूस क्षणभर थांबला होता. त्यावरून पुन्हा पेन फिरवावं असा विचार माझ्या मनात येऊन गेला, हे मी मुलीला सांगितलेलं नाही. आजोबा असते तर एका नजरेत ओळखलं असतं.

आता ते कडक प्लॅस्टिकच्या टॉप लोडरमध्ये, माझ्या कपाटाच्या तिसऱ्या कप्प्यात, पासपोर्टांच्या खाली असतं. तिथे ऊन पोचत नाही. कधी आलात आमच्याकडे तर जरूर दाखवीन. फक्त भेळ खाऊन झाल्यावर हात धुऊन या.